ताब्यातल्या व्यक्तीच्या रक्ताशी संपर्क आला तर: पहिल्या मिनिटापासून सहाव्या महिन्यापर्यंत काय करायचं

झडती घेताना खिशातली सुई बोटात घुसते. अटकेच्या झटापटीत समोरच्याच्या नाकातलं रक्त डोळ्यात उडतं. रुग्णवाहिकेत नेताना नशेतला माणूस मनगटाला चावतो. पोलीस, रुग्णवाहिकेवरचे कर्मचारी आणि अग्निशमन दलाचे जवान यांच्या नोकरीत असे प्रसंग येतात, आणि जवळपास प्रत्येक वेळी पहिली मागणी एकच असते: ‘आधी त्याचं रक्त तपासा.’ ही मागणी समजण्यासारखी आहे आणि ती तपासणी उपयोगाचीही आहे. पण क्रमात तिची जागा पहिली नाही. एचआयव्ही रोखणारं औषध घड्याळाला बांधलेलं असतं. हे घड्याळ सुई टोचते त्या क्षणी सुरू होतं, आणि समोरच्याचा अहवाल येईपर्यंत ते थांबून राहत नाही.

पुढे ‘स्रोत व्यक्ती’ हा शब्द वापरला आहे, म्हणजे जिच्या रक्ताचा संपर्क आला ती व्यक्ती. ती आरोपी असेल, साक्षीदार असेल किंवा अपघातातला जखमीही असेल. रक्त तपासताना डॉक्टरांसमोर ती रुग्ण असते, आणि सगळी पद्धत याच भूमिकेवर उभी करावी लागते.

पहिली पंधरा मिनिटं

सुई टोचली, काच लागली किंवा चावल्याने कातडी फाटली असेल, तर जखम वाहत्या पाण्याखाली धरून साबणाने धुवा. बोट दाबून, पिळून रक्त काढू नका. पिळल्याने विषाणू बाहेर येतो याला आधार नाही आणि त्या जागी सूज मात्र वाढते. ब्लीच, डेटॉल, स्पिरिट यांपैकी काहीही जखमेत ओतू नका, कारण भाजलेली कातडी संसर्गाला अधिक वाट देते. जखम तोंडात धरून चोखणं ही जुनी सवय तर पूर्ण सोडा.

डोळ्यात रक्त गेलं असेल तर डोळा उघडा धरून स्वच्छ पाण्याने किंवा सलाईनने दहा-पंधरा मिनिटं धुवा. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर आधी लेन्ससकट धुवा, मग लेन्स काढा आणि पुन्हा धुवा. तोंडात गेलं असेल तर थुंकून टाका आणि पाण्याने अनेकदा चुळा भरा. तोंडात साबण नको. रक्ताने भिजलेला गणवेश लगेच उतरवा आणि त्याखालची कातडी धुवा.

हे सगळं करायला जागेवरून हलावं लागतं. म्हणून सहकाऱ्याने लगेच ताबा स्वतःकडे घ्यावा. ‘आधी पंचनामा उरकतो, मग धुतो’ यात पहिला तास निघून जातो.

कळवा, आणि या गोष्टी लिहून ठेवा

ड्यूटीवरच्या वरिष्ठांना लगेच सांगा. डॉक्टरांना पुढचा निर्णय घेताना नेमकं हे लागतं: घटनेची वेळ मिनिटासकट, शरीराचा भाग, जखम वरवरची की खोल, सुई आत पोकळी असलेली होती की शिवणाची, तिच्यावर रक्त दिसत होतं का, हातमोजे होते का, आणि स्रोत व्यक्ती कोण व सध्या कुठे आहे. स्रोत व्यक्तीने आपल्या आजाराबद्दल किंवा चालू औषधांबद्दल काही सांगितलं असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला, पण स्टेशन डायरीत लिहू नका.

सापडलेली सुई तपासणीला पाठवू नका. सुईवरच्या रक्ताची चाचणी विश्वासार्ह नसते, शिवाय ती हाताळताना आणखी कुणाला टोचण्याचा धोका असतो. पुरावा म्हणून जपायची असेल तर सुई आरपार जाणार नाही अशा कडक डब्यात ठेवा, टोपण परत बसवायचा प्रयत्न करू नका.

धोका किती आहे?

इथे थोडं थांबायला हवं, कारण सर्वाधिक भीती आणि सर्वाधिक चुका याच ठिकाणी होतात.

रक्तातून पसरणारे मुख्य विषाणू तीन: एचआयव्ही, आणि यकृताला बाधणारे हिपॅटायटिस बी व हिपॅटायटिस सी. संसर्ग होण्यासाठी दोन गोष्टी एकत्र याव्या लागतात: विषाणू असलेला द्रव आणि आत शिरायची वाट. द्रव म्हणजे रक्त, रक्तमिश्रित कोणताही द्रव, वीर्य, योनीस्राव आणि शरीरातल्या पोकळ्यांमधले द्रव. थुंकी, घाम, अश्रू, लघवी आणि उलटी यांत रक्त दिसत नसेल तर या तीन आजारांसाठी त्यांचा धोका मोजण्याइतकाही नसतो. वाट म्हणजे कातडी भेदणारी जखम, डोळे-नाक-तोंडाचा आतला ओला पडदा किंवा आधीच सोललेली, फुटलेली कातडी. धड कातडीवर रक्त पडलं तर धुवायचं आणि कामाला लागायचं.

स्रोत व्यक्तीला आजार आहे हे नक्की असेल, तेव्हा एका सुईच्या टोचण्यातून होणारा सरासरी धोका असा:

एचआयव्ही: सुमारे ०.३ टक्के, म्हणजे तीनशेमागे एक. डोळ्यात किंवा तोंडात रक्त उडाल्यास सुमारे ०.०९ टक्के.
हिपॅटायटिस सी: जुन्या अभ्यासांत १.८ टक्के, अलीकडच्या मोठ्या नोंदींत ०.२ टक्क्याच्या आसपास.
हिपॅटायटिस बी: लस न घेतलेल्या माणसाला साधारण ६ ते ३० टक्के, आणि स्रोत व्यक्तीच्या रक्तात विषाणूचं प्रमाण जास्त असेल तर त्याहूनही अधिक.

या आकड्यांतून जी गोष्ट समोर येते ती फारशी बोलली जात नाही. सगळ्यांच्या मनात भीती एचआयव्हीची असते. सर्वाधिक शक्यता हिपॅटायटिस बीची असते, आणि त्याच्यावर चांगली लस उपलब्ध आहे. हा विषाणू बाहेरच्या पृष्ठभागावर सात दिवस टिकू शकतो. म्हणून गाडीच्या सीटवरचं वाळलेलं रक्तही हातमोजे घालूनच पुसायचं. साधारण ५ टक्क्यांचं ब्लीच एक भाग आणि पाणी नऊ भाग असं ताजं द्रावण करा, आधी रक्त कागदाने टिपून घ्या, मग द्रावण टाकून दहा मिनिटं राहू द्या. रक्त न टिपता वरून ब्लीच ओतलं तर ते रक्तातच वाया जातं.

थुंकण्याबद्दल स्पष्ट सांगायला हवं: थुंकीतून एचआयव्ही होत नाही. कुणी अंगावर थुंकणं हा गुन्हा असू शकतो, तो अपमान तर आहेच, पण त्यासाठी महिनाभर एचआयव्हीची औषधं घ्यायची गरज नाही. चावण्याचं गणित वेगळं आहे. कातडी फुटली नसेल तर या विषाणूंचा प्रश्नच नाही. फुटली असेल तर पहिला धोका तोंडातल्या जिवाणूंचा असतो, विशेषतः हाताच्या बोटांच्या सांध्यांवर. प्रतिजैविक आणि धनुर्वाताचं इंजेक्शन लागेल का हे त्याच दिवशी विचारा. शिवाय चावणाऱ्याच्या तोंडात जखमी कर्मचाऱ्याचं रक्त गेलेलं असतं. त्यामुळे अशा घटनेत दोघेही स्रोत ठरतात आणि दोघांचीही चौकशी व्हायला हवी. हे अनेक ठिकाणच्या लेखी पद्धतीत राहून गेलेलं असतं.

दोन तासांच्या आत डॉक्टर

धोका खरा असेल तर एचआयव्हीविरोधी प्रतिबंधक औषधं, म्हणजे ‘पेप’, शक्यतो दोन तासांत सुरू करावीत. ७२ तासांनंतर सुरू करण्यात सहसा अर्थ उरत नाही. सध्या अनेक ठिकाणी एकत्र वापरली जाणारी तीन औषधं म्हणजे टेनोफोविर, त्यासोबत लॅमिव्हुडिन किंवा एमट्रिसिटाबिन, आणि डोल्युटेग्राविर. दिवसातून एकदा, २८ दिवस. स्रोत व्यक्तीचा अहवाल लवकर येणार असला तरी पहिला डोस त्यासाठी अडवून ठेवू नये. अहवाल निगेटिव्ह आला तर औषध थांबवता येतं, पण निघून गेलेले तास परत आणता येत नाहीत.

डॉक्टरांना न विसरता सांगायच्या गोष्टी: मूत्रपिंडाचा आजार, कारण टेनोफोविरची मात्रा किंवा निवड बदलते, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन, कारण डोल्युटेग्राविरमुळे रक्तातलं त्याचं प्रमाण वाढतं, आणि पित्तावरची अँटासिड. अ‍ॅल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम असलेलं अँटासिड घ्यायचंच असेल तर डोल्युटेग्राविर त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यायचं, नाहीतर औषध आतड्यातच अडकून राहतं. गर्भधारणा असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर तेही सांगा.

याच भेटीत जखमी कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या रक्ताचा पहिला नमुना घेतला जातो: एचआयव्ही, हिपॅटायटिस सी, हिपॅटायटिस बीच्या तीन चाचण्या, यकृत व मूत्रपिंडाची तपासणी. घटनेच्या दिवशी आपण निगेटिव्ह होतो हे सिद्ध करणारा हाच कागद असतो आणि पुढे संसर्ग झालाच तर भरपाईचा दावा त्यावर उभा राहतो. शिवाय एक वैद्यकीय कारणही आहे: कर्मचाऱ्यालाच आधीपासून हिपॅटायटिस बी असेल, तर पेपमधली टेनोफोविर आणि लॅमिव्हुडिन २८ दिवसांनी अचानक बंद केल्यावर यकृताचा आजार उसळू शकतो.

हिपॅटायटिस बीचा निर्णय लसीच्या नोंदीवर होतो. लसीचे डोस पूर्ण आणि अँटीबॉडीची, म्हणजे लसीमुळे रक्तात तयार होणाऱ्या संरक्षक घटकांची, पातळी एकदा तरी १० (mIU/mL) किंवा अधिक आल्याची नोंद असेल, तर काहीच करावं लागत नाही. लस घेतलेलीच नसेल आणि स्रोत पॉझिटिव्ह किंवा अज्ञात असेल, तर इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार अँटीबॉडींचं इंजेक्शन, वजनाच्या दर किलोला ०.०६ मिलिलिटर, आणि लसीचा पहिला डोस, दोन्ही वेगवेगळ्या जागी. हे २४ तासांत व्हावं. सात दिवसांनंतर सुईच्या घटनेत इम्युनोग्लोब्युलिनचा उपयोग झाल्याचा पुरावा नाही. हिपॅटायटिस सीसाठी प्रतिबंधक औषध देत नाहीत. मात्र लागण झाल्यास गोळ्यांच्या ८ ते १२ आठवड्यांच्या उपचाराने ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होतात. हे जखमी माणसाला त्याच दिवशी सांगितलं तर त्याला रात्री झोप लागते.

स्रोत व्यक्तीची तपासणी

आता स्रोत व्यक्तीकडे येऊ. परवानगी कुणी मागायची हे सगळ्यात महत्त्वाचं. जखमी कर्मचाऱ्याने मागू नये, तपास अधिकाऱ्यानेही नाही. ज्याच्या हातात बेड्यांची किल्ली आहे त्याने विचारलेल्या प्रश्नाला ‘हो’ म्हटलं, तर ती संमती उद्या टिकत नाही, आणि बहुतेकदा उत्तर ‘नाही’च येतं. डॉक्टरने किंवा प्रशिक्षित समुपदेशकाने, पोलिसांना ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर, शांतपणे विचारावं. शब्द साधारण असे:

‘एका कर्मचाऱ्याला तुमच्या रक्ताचा संपर्क आला आहे. त्याला कोणती औषधं द्यायची हे ठरवण्यासाठी तुमच्या रक्ताच्या तीन चाचण्या करायला तुमची परवानगी हवी. नाही म्हणालात तरी खटला, जामीन किंवा इथली वागणूक यांवर त्याचा परिणाम होणार नाही. निकाल तुम्हालाही सांगितला जाईल आणि काही निघालं तर उपचारांसाठी तुम्हाला जोडून दिलं जाईल.’

अशा पद्धतीने विचारलं तर बरेच जण तयार होतात. नशेत किंवा शुद्ध हरपलेल्या अवस्थेतली संमती ही संमती नव्हे. माणूस शुद्धीवर येईपर्यंत थांबा. तोवर कर्मचाऱ्याचं औषध चालूच असतं, त्यामुळे थांबल्याने काही बिघडत नाही. आधीचे अहवाल किंवा चालू औषधं स्वतःहून सांगितली तर त्यांची किंमत एका नव्या चाचणीइतकी असते. एचआयव्हीची औषधं नियमित चालू असलेल्या आणि व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, न सापडण्याइतका खाली असलेल्या माणसाकडून धोका खूपच कमी असतो.

मागायच्या चाचण्या तीन. एचआयव्हीसाठी चौथ्या पिढीची, म्हणजे अँटिजेन (विषाणूचा अंश) व अँटीबॉडी दोन्ही शोधणारी. रॅपिड किटवर निकाल अर्ध्या तासाच्या आसपास मिळतो. हिपॅटायटिस बीसाठी पृष्ठभागाच्या अँटिजेनची. हिपॅटायटिस सीसाठी शक्यतो थेट आरएनए, म्हणजे विषाणूचाच जनुकीय अंश शोधणारी. नुसती अँटीबॉडी पॉझिटिव्ह आली तर तो माणूस कधीकाळी बाधित होऊन आता बरा झालेलाही असू शकतो. नमुना घेण्याआधीच प्रयोगशाळेला विचारून घ्या की कोणत्या नळ्या हव्यात आणि आरएनएचा नमुना किती तासांत पोहोचायला हवा. नळीवर नाव, वेळ आणि घेणाऱ्याची सही रुग्णासमोरच करा. एका घटनेत दोघांचे नमुने एकाच वेळी जातात तेव्हा अदलाबदल होण्याचा धोका खरा असतो.

निगेटिव्ह अहवालाचा अर्थ नीट समजून घ्या. लागण झाल्यापासून चाचणीत दिसेपर्यंतचा काळ, ज्याला विंडो पिरियड म्हणतात, प्रयोगशाळेतल्या चौथ्या पिढीच्या एचआयव्ही चाचणीला १८ ते ४५ दिवसांचा असतो. बोट टोचून केलेल्या रॅपिड चाचणीला ९० दिवसांपर्यंतही. हिपॅटायटिस सीचं आरएनए एक-दोन आठवड्यांत दिसतं, अँटीबॉडीला ८ ते ११ आठवडे. एरवी निगेटिव्ह अहवाल आल्यावर एचआयव्हीची औषधं थांबवता येतात. पण स्रोत व्यक्तीने मागच्या काही आठवड्यांत सुया वाटून वापरल्या असतील किंवा तिला ताप, पुरळ, गाठी अशी नव्या लागणीची लक्षणं असतील, तर निर्णय डॉक्टरांवर सोडा. पॉझिटिव्ह अहवालाचा अर्थही ‘कर्मचाऱ्याला लागण झाली’ असा नाही. तीनशेमागचा तो एक आकडा तेव्हाही लागू असतो, आणि वेळेत घेतलेली औषधं तो आणखी खाली आणतात.

नकार दिला तर

इथे कायदे देशागणिक बदलतात. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये २०२१ च्या कायद्याने अशी सक्तीची चाचणी आणली: संपर्क समोरच्याच्या हेतुपुरस्सर कृतीतून झालेला असावा लागतो, त्या व्यक्तीचं वय किमान १४ असावं लागतं आणि कर्मचाऱ्याने आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा लागतो. वेस्टर्न ऑस्ट्रेलियाचा पोलिसांसाठीचा कायदा २०१४ चा. अमेरिकेत एचआयव्ही रुग्णांच्या उपचारांसाठीच्या रायन व्हाइट कायद्यातली तरतूद आपत्कालीन कर्मचाऱ्याला रुग्णालयाकडे असलेली माहिती मिळवून देते, पण ती कुणाची चाचणी सक्तीने करायला लावत नाही. भारतातल्या २०१७ च्या एचआयव्ही व एड्स कायद्यात चाचणीला माहितीपूर्ण संमती लागते. न्यायालयाचा आदेश हा मोजक्या अपवादांपैकी एक आहे. याच कायद्याने, जिथे कामामुळे एचआयव्हीचा संपर्क येण्याचा मोठा धोका आहे अशा आस्थापनांवर संरक्षक साहित्य, प्रशिक्षण आणि पेप पुरवण्याची जबाबदारी टाकली आहे. कर्मचारी संघटनांनी मागणी लावून धरायची असेल तर ती इथे धरावी.

सक्तीचा आदेश असला तरी वेळेचं गणित पाहा. अर्ज, निर्णय, नोटीस, नमुना, अहवाल यात दिवस जातात. पेपची मुदत ७२ तास. म्हणजे आदेशाने मिळालेला अहवाल औषध सुरू करायच्या निर्णयाला बहुधा वेळेवर पोहोचत नाही. फार तर तो २८ दिवसांचा कोर्स मध्येच थांबवायला मदत करतो. ही मदत लहान नाही, मळमळ आणि धास्तीचे दोन-तीन आठवडे वाचतात. पण त्यासाठी झटापट करून, माणसाला दाबून धरून रक्त काढायला जाऊ नये. हलणाऱ्या हातात सुई घालताना दुसऱ्याच कर्मचाऱ्याला टोचते, आणि मग दोन घटना होतात. नकार नोंदवा, स्रोत ‘अज्ञात’ धरा आणि त्याप्रमाणे उपचार पूर्ण करा.

अहवाल कुणाच्या हातात

अहवाल तिघांपलीकडे जाऊ नये: उपचार करणारे डॉक्टर, स्रोत व्यक्ती आणि जखमी कर्मचारी. कर्मचाऱ्यालाही निर्णयापुरतीच माहिती, आणि ती गुप्त ठेवण्याच्या लेखी जबाबदारीसह. आरोपपत्र, कोठडीच्या दारावरचा फलक, वायरलेस संदेश, पत्रकारांशी बोलणं, यांत तिचा उल्लेख आला की बातमी गावभर होते. पुढच्या वेळी कोणतीही स्रोत व्यक्ती संमती देत नाही, आणि त्याचं नुकसान पुढच्या जखमी जवानाला सोसावं लागतं. चाचणीसाठी घेतलेला नमुना गुन्ह्याचा पुरावा म्हणून वापरू नका. त्यासाठीची प्रक्रिया वेगळी आहे.

पुढचे सहा महिने

पहिल्या आठवड्यात औषधांचा त्रास विचारायला फोन व्हायलाच हवा, कारण कोर्स अर्धवट सोडणारे बहुतेक जण याच काळात सोडतात. मळमळ होत असेल तर गोळी जेवणासोबत घेऊन बघता येते. एचआयव्हीची चाचणी ४ ते ६ आठवड्यांनी आणि शेवटची १२ आठवड्यांनी. हिपॅटायटिस सीचं आरएनए ३ ते ६ आठवड्यांनी, अँटीबॉडी ४ ते ६ महिन्यांनी. हिपॅटायटिस बीचं संरक्षण नसलेल्यांची तपासणी सहाव्या महिन्यात. स्रोत व्यक्ती एखाद्या आजाराबाबत निगेटिव्ह ठरली असेल आणि तिला नवी लागण असल्याचा संशय नसेल, तर त्या आजाराची ही पुढची फेरी लागत नाही.

१२ आठवड्यांपर्यंत कंडोम वापरा, आणि पुढच्या सगळ्या चाचण्या पूर्ण होईपर्यंत रक्तदान करू नका. एकत्र जेवणं, मुलांना जवळ घेणं, एकच बाथरूम वापरणं यात कसलाही धोका नाही. हे जोडीदारासमोर डॉक्टरांकडून सांगितलं जावं. या काळात घरात अंतर पडतं ते विषाणूपेक्षा न विचारलेल्या प्रश्नांमुळे. झोप न लागणं, चिडचिड, काम टाळावंसं वाटणं ही लक्षणं दिसली तर समुपदेशन मागून घ्या आणि वरिष्ठांनी ते मागण्याआधी देऊ करावं.

आज तपासून ठेवायचं

प्रत्येक कर्मचाऱ्याची हिपॅटायटिस बी लस: ०, १ आणि ६ महिने, आणि शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटीबॉडीची पातळी. लस घेतली पण पातळी तपासली नाही, अशी माणसं सगळ्यात जास्त असतात आणि घटनेच्या रात्री डॉक्टर नेमका हाच आकडा विचारतात.

पेपचा पहिला डोस रात्री दोन वाजताही कुठे मिळेल, त्या जागेचं नाव आणि फोन नंबर गाडीत चिकटवलेला हवा. झडतीच्या पेटीत टॉर्च, छोटा आरसा, नायट्रिल हातमोजे, त्यांच्यावर घालायचे सुईरोधक हातमोजे, डोळे झाकणारा चष्मा, सलाईनच्या बाटल्या आणि सुया टाकायचा कडक डबा. खिशात हात घालण्याआधी विचारा, ‘टोचेल असं काही आहे का?’ आणि उत्तर ‘नाही’ आलं तरी खिसा बाहेरून थोपटून, उलटा करून रिकामा करून घ्या. साधे हातमोजे सुई अडवत नाहीत, पण सुईवरचं काही रक्त पुसून घेतात. तेवढ्यासाठीही ते हातात असावेत.